पहिला रिकामा डबा

चेन्नईत चार मराठी माणसं भेटली की सुरुवातीला थोडा वेळ उकाड्यावर जातो आणि उरलेला सगळा खाण्यावर. त्यात आमची पिकनिकची गँग म्हणजे बोलायलाच नको! दरवर्षी एक पिकनिक होते आणि वर्षभर पुरतील एवढे किस्से देऊन जाते. गेल्या वर्षीचे सांगून संपत नाहीत तोवर यंदाचे येऊन बसतात. परवा लेक म्हणाली, "आई, ही स्टोरी तू मला इडलीबरोबरही सांगितलीस आणि डोशाबरोबरही." म्हटलं बरं, तुला कंटाळा आला असेल तर आता दुसऱ्यांना सांगते.

आधी मंडळींची ओळख. मी सुनीता, नाशिकची. नवरा चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी डिफेन्सच्या फॅक्टरीत, म्हणून आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये. आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या कुलकर्णी काकू म्हणजे पिकनिकच्या सर्वेसर्वा. बँकेतून रिटायर झाल्या, पण काउंटरपलीकडचा तो आवाज काही रिटायर झालेला नाही. जानेवारीत पोंगलच्या सणाची गर्दी ओसरली की पुढच्या रविवारी व्हॅन ठरते आणि काकू सगळ्यांना फर्मान काढतात.

नियम सोपे. पदार्थ घरी केलेला हवा. गार खाता यायला हवा. आणि ज्याचा डबा सगळ्यात आधी रिकामा होईल, त्याने तो सगळ्यांसमोर उभं राहून वाजवायचा! मग परतताना व्हॅनमधली पुढची सीट त्याची आणि पुढच्या वर्षीची जागाही तोच ठरवणार. ही प्रथा कुणी सुरू केली ते आता कुणालाच आठवत नाही. पण एकदा तरी डबा वाजवल्याशिवाय चेन्नईतून बदली होऊ नये, असं आमच्यातल्या प्रत्येकाला मनापासून वाटतं.

*

पहिल्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात सँडविच नेली. ओलं खोबरं घालून हिरवी चटणी, काकडी, हात सैल सोडून लावलेलं लोणी. नाशिकला जानेवारीत अशी सँडविच दुपारपर्यंत फुलासारखी राहतात.

मुट्टुकाडूला खाडीकाठी डबा उघडला तेव्हा आसपासची चारपाच माणसं आपोआप जरा मागे सरकली. काकूंनी पुढे होऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "सुनीता, छान आंबलंय गं. डोसे घालायचे का?"

त्या वर्षी डबा वाजवला तो रुक्मिणी अक्कांनी. अक्का तंजावरच्या मराठी. शाळेत गाणं शिकवायच्या, आता तिरुवान्मियूरला राहतात. त्यांनी चिंचेच्या भाताचे लिंबाएवढे गोळे करून प्रत्येक गोळा केळीच्या पानात बांधून आणला होता. पान उघडा, गोळा तोंडात टाका, पान फेकून द्या. तेलात मुरलेला तो भात दुसऱ्या दिवशीही मजेत राहतो म्हणे.

माझा उतरलेला चेहरा पाहून अक्का जवळ आल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "ओलं खोबरं घेऊन उन्हात निघू नये मा. आम्मी तीनशे वर्षं इकडे आहों, आम्मीसुद्धा धाडस केलं नाही!"

*

दुसऱ्या वर्षी आमच्या ह्यांनी सूत्रं हातात घेतली. "तू राहू दे, मी चिवडा करतो. चिवड्याला काय होतंय?"

चिवडा खरंच फक्कड झाला होता. महाबलीपुरमच्या अलीकडे समुद्रावर आम्ही चादरी पसरल्या. ह्यांनी समुद्राकडे तोंड केलं, छाती पुढे काढली आणि डब्याचं झाकण एकदम उघडलं. तेवढ्यात वारा आला! पातळ पोह्यांचा चिवडा तो, निम्मा काकूंच्या अंबाड्यात आणि निम्मा वाळूत.

आम्ही सगळे अंगावरचे पोहे झटकायला लागलो. ह्यांनी मात्र डब्यात वाकून पाहिलं, तळाशी दोन शेंगदाणे होते ते तोंडात टाकले आणि चमच्याने डबा बडवायला सुरुवात केली. "पहिला रिकामा डबा आमचा!"

मोठा वाद झाला. शेवटी काकूंनी केसातली कढीपत्त्याची पानं काढत निकाल दिला, "जे पोटात जातं तेच धरायचं. वाऱ्याला मत नाही!"

*

एकदा काकूंनीच जागा ठरवली होती. एक मोठी बाग. गेटवर गार्डने व्हॅन अडवली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, म्हणाला.

काकूंचं तमिळ बँकेच्या काउंटरवर तयार झालेलं. व्याकरणाला फार महत्त्व नाही, पण जोर भरपूर. त्या म्हणाल्या, "बाहेरचं कुठाय? सगळं घरचंच आहे!"

गार्ड हसलासुद्धा नाही. मग काकूंनी समोरच्या फुटपाथवर चादर अंथरायला लावली आणि सकाळी नऊ वाजता आमची पिकनिक तिथेच सुरू झाली. काकूंची कोथिंबीर वडी म्हणजे बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत. त्यांनी एक वडी कागदावर ठेवून गार्डला पाठवली. त्याने ती उभ्याउभ्या खाल्ली. मग दुसरी. तिसऱ्या वडीला तो स्वतःच रस्ता ओलांडून आला.

चौथी वडी संपवून तो गंभीरपणे म्हणाला, "अम्मा, रूल म्हणजे रूल. बाकी सगळे डबे व्हॅनमध्ये ठेवा. फक्त हा एक डबा माझ्या टेबलावर ठेवा. मी लक्ष देतो."

दुपारी आम्ही बाग पाहून बाहेर आलो. वड्यांचा डबा रिकामा, स्वच्छ धुतलेला, आणि आमचा गार्ड तो टेबलावर ठेवून दोन बोटांनी घटम वाजवावा तसा वाजवत बसलेला. त्याला आमची प्रथा कुणी सांगितली, देव जाणे! काकूंनी तो विजय आपल्या खात्यात धरला. कुणाची बोलायची हिंमत झाली नाही.

*

आणि आता बिराजदार. सोलापूरचा मुलगा, सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत, अक्कांच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. आमच्यात नवीन आला तेव्हा फार उत्साहात होता. पहिल्याच पिकनिकला त्याने स्टीलचा डबा उघडला तर आत सोनेरी, एकसारखे मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या. एकही वाकडा नाही, एकही तुटलेला नाही.

"हे तू केलेस?" काकूंनी विचारलं.

"होय की काकू. सकाळी उठून केलो."

काकूंनी एक मुरुक्कू उचलला, चष्मा वर केला आणि त्याला चिकटलेला इवलासा स्टिकर नखाने सोडवून बिराजदारच्या तळहातावर ठेवला. त्याच्यावर एमआरपी छापलेली होती.

"पुढच्या वर्षीपासून तू प्लेटा आणायच्या," काकू म्हणाल्या.

ज्यांनी कधी पिकनिकला प्लेटा नेल्या असतील त्यांनाच ही शिक्षा किती कडक आहे ते कळेल. प्लेटावाल्याला कुणी "वा" म्हणत नाही. त्याच्याकडे रेसिपी मागत नाही. प्लेट वाकली तर मात्र सगळे त्याच्याकडे बघतात. आणि डबाच नाही, तर वाजवणार काय?

दरवर्षी तो काकूंना फोन करायचा. "काकू, यंदा तरी काय तर करून आणतो की ओ."

"तू प्लेटा आण."

बिचारा कागदी प्लेटांचा गठ्ठा काखेत मारून यायचा, दुसऱ्यांचे डबे वाजताना टाळ्या पिटायचा आणि शेवटी खरकट्या प्लेटा काळ्या पिशवीत भरायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं, खरंच सांगते. पण काकूंपुढे बोलणार कोण?

*

माझाही दिवस आला एकदाचा! आमच्या मजल्यावरच्या सेल्वी अक्कांनी मला बटणाएवढ्या इडल्या करायला शिकवल्या. गार झाल्या की भरपूर तिळाचं तेल आणि पोडी, म्हणजे डाळींची तिखट कोरडी चटणी, लावायची, चोळायची आणि झाकून ठेवायच्या. सकाळपर्यंत पोडी अशी आत मुरते की चटणी नको, सांबार नको. मी प्रत्येक टूथपिकवर तीन तीन इडल्या खोचल्या.

डबा उघडला आणि मी स्वतःसाठी एक काडी बाजूला काढेपर्यंत तळ दिसला! मी असा डबा बडवला, असा बडवला की त्याला पोचा पडला. तो डबा मी अजून बदललेला नाही.

"नाशिकची बाई इडलीवर जिंकली," काकू पुटपुटल्या. "आता काय बघायचं राहिलंय?"

पलीकडे बिराजदार माझ्या टूथपिक गोळा करत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, भारी वाजवलात. एकदा मला पण वाजवायचाय."

*

काय बघायचं राहिलं होतं ते यंदा कळलं.

जागा मीच ठरवली होती. ईसीआरला, म्हणजे किनाऱ्याकडेच्या हमरस्त्याला लागून समुद्राजवळचं सुरूचं बन. तिरुवान्मियूरला अक्का आणि बिराजदार व्हॅनमध्ये चढले. अक्कांनी माझ्या शेजारी बसल्याबसल्या तक्रार सुरू केली. "महिनाभर झालं, रविवारी सकाळी वर धप धप, धप धप. मला वाटलं कपडे धुतो. विचारलं तर सांगत नाही. नुस्ता हसतो!"

बिराजदार मागच्या सीटवर मांडीवर पत्र्याचा एक मोठा गोल डबा घेऊन बसला होता. पोरगं त्या डब्याला दोन्ही हातांनी धरून होतं.

बनात पोचलो, चादरी पडल्या, डबे मांडले. यंदा चढाओढ अशी की विचारू नका. काकूंनी वाटली डाळ आणली होती, वरून मोहरीची फोडणी. अक्कांचा चिंचेचा भात, पण या वेळी मोठ्या पातेल्यात, कारण केळीची पानं मिळाली नव्हती. ह्यांचा चिवडा, या वेळी भाजक्या पोह्यांचा आणि वाऱ्याकडे पाठ करून. माझी मोकळी मटकीची उसळ. सगळे भुकेले आणि सगळ्यांची नजर स्वतःच्या डब्याच्या तळावर.

"चला, प्लेटा काढा," काकू म्हणाल्या.

बिराजदार उठला. त्याच्या काखेत गठ्ठा नव्हता.

"प्लेटा विसरलास?" काकूंचा आवाज तो काउंटरवाला झाला. "अरे, एक काम दिलेलं तुला! आता ही डाळ काय ओंजळीत घ्यायची?"

ह्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. मला तर पोराकडे बघवेना.

"आणल्यात की काकू," बिराजदार म्हणाला आणि त्याने पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

आत भाकऱ्या होत्या. सोलापूरच्या कडक भाकऱ्या. ज्वारीच्या, पातळ, खमंग भाजून पार कुरकुरीत केलेल्या, ताटलीएवढ्या गोल आणि कडा किंचित वर आलेल्या. प्रत्येकीवर तेल लावून शेंगांची लालभडक चटणी माखलेली. झाकण निघाल्याबरोबर समुद्राचा वास मागे पडला.

काकूंनी एक भाकरी उचलून उलटीपालटी केली. स्टिकर शोधत होत्या हे सगळ्यांना कळलं. मागच्या बाजूला थापणाऱ्याची बोटं उमटलेली होती आणि एका जागी थोडं करपलेलं.

"तुला प्लेटा आणायला सांगितल्या होत्या," त्या म्हणाल्या.

"प्लेटाच हायत, काकू. वाढून तर बघा."

काकूंनी भाकरीवर डाळ घेतली. भाकरी वाकली नाही. अक्कांनी भात घेतला, मी उसळ घेतली, ह्यांनी चिवडा घेतला. आणि मग आवाज सुरू झाला, सगळीकडून, कुर्रम कुर्रम! डाळ संपली की माणूस प्लेट खायचा. प्लेट संपली की भातासाठी दुसरी प्लेट मागायचा. कुठलाही डबा असो, त्यातलं काही खायचं तर आधी बिराजदारच्या डब्यात हात घालावा लागत होता.

"अय्यो, आस्कं संपलं की रे कण्णा!" अक्का ओरडल्या. आस्कं म्हणजे सगळं. त्यांच्या पातेल्यात अजून अर्धा भात होता.

पलीकडे काकू आपल्या वाटल्या डाळीसमोर रिकाम्या हाताने बसल्या होत्या. ओठाच्या कोपऱ्यात शेंगांची चटणी. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"बिराजदार," त्या हळूच म्हणाल्या, "अजून एखादी प्लेट आहे का रे?"

बिराजदार उठून उभा राहिला. त्याने पत्र्याचा डबा उचलला, सगळ्यांना दिसेल असा उलटा केला आणि दोन्ही हातांनी वाजवायला लागला.