अर्धे किलोमीटर तिचे

बोईसरहून गाडीने जैसलमेरच्या वाळवंटापर्यंत जायचं आणि वाटेत हॉटेलऐवजी तंबूत राहायचं, हा बेत माझा. बायकोने एकच अट घातली.

"अर्धे किलोमीटर माझे. शंभर तुमचे, शंभर माझे. आणि या टायमाला जमलं नाय, तर परत स्टेअरिंगला हात लावणार नाय. लायसन पेटीत टाकीन."

चार वर्षांपूर्वी चिल्हार फाट्याजवळ एका टेम्पोने आमच्या गाडीची उजवी बाजू खरवडत नेली होती. गाडी ती चालवत होती. लागलं कुणालाच नाही, पण त्यानंतर तिने गाडी चालवली नाही. तिचं ऑफिस कोळगावला. कारखान्यातल्या माझ्या पाळीची वेळ जुळली तर मी सोडायचो, नाहीतर ती रिक्षा बदलत जायची. मी कधी कुरकुर केली नाही. पण आपल्याला कुणीतरी सोडावं लागतं, हेच तिला खुपायचं.

निघण्याआधी केळव्याला सुरूच्या बनात आम्ही तंबू लावून पाहिला. पहिल्यांदा सत्तेचाळीस मिनिटं लागली, दुसऱ्यांदा एकोणीस. मग निघालो. फेब्रुवारी संपत आला होता. पहिले दोन दिवस तिचे सगळे टप्पे तिने पूर्ण केले. हळू, पण पूर्ण.

तिसऱ्या दिवशी बाडमेर मागे टाकल्यावर गाडी पुन्हा तिच्याकडे आली. सकाळी अंगात स्वेटर होते, अकराला एसी लावावा लागला. एकच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ मातकट झालं. तिचे बासष्ट किलोमीटर झाले होते, तेव्हा वाळूचं वादळ आलं. समोरचा रस्ताच दिसेना.

"दे माझ्याकडे," मी म्हणालो.

"उतरणार कसे? डोळ्यांत वाळू जाईल. गप बसा."

तिने गाडी अगदी सावकाश रस्त्याखाली घट्ट जमिनीवर घेतली, दिवे लुकलुकते ठेवले आणि गाडीचं तोंड बरोबर वाऱ्याकडे वळवलं. तिचं माहेर दातिवऱ्याचं, मासेमारीचं घर. "वादळात होडीचं तोंड वाऱ्याकडंच ठेवायचं," ती म्हणाली. "आडवी झाली की गेली." मला ते पटलं. बावीस वर्षं मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर आहे. तरी इंजिन हवा ओढतं ते पुढूनच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उलट काचा बंद म्हणून एसीसाठी पस्तीस मिनिटं इंजिन चालू ठेवायला मीच सांगितलं.

मग चिखलाचे थेंब पडले, पाठोपाठ पाऊस, आणि दहा मिनिटं हरभऱ्याएवढ्या गारा. सगळं थांबल्यावर तिने गाडी पुढे घेतली, तर गाडी ओढेचना. बॉनेट उघडलं. एअर फिल्टर वाळूने गच्च भरला होता.

थोड्या अंतरावर एक म्हातारा उंटवाला होता. त्याचे पाच उंट वाऱ्याकडे पाठ करून बसले होते, ते आता एकेक उठत होते. तो जवळ आला, गाडीकडे बघून म्हणाला, "मुँह आँधी की तरफ? मेरे ऊँट से ही पूछ लेते!"

"बाबा, हमारे गाँव में ऊँट नहीं, होडी है," बायको म्हणाली. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.

ती मात्र हसली नाही. फिल्टर टायरवर आपटून, पुसून मी परत बसवला आणि मागे वळून पाहिलं, तर ती डाव्या सीटवर जाऊन बसली होती. पट्टासुद्धा लावला होता. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते.

"चूक माझी झाली," ती म्हणाली.

"अर्धी. इंजिन मी चालू ठेवायला लावलं."

"चालवा तुमी."

तेच सोपं होतं. मलाही तेच हवं होतं. पण आत्ता मी तिच्या जागी बसलो, तर लायसन खरंच पेटीत जाणार, हे मला स्वच्छ कळत होतं. मी डावा दरवाजा उघडून किल्ली तिच्यापुढे धरली.

"अडतीस राहिलेत तुझे."

"मघाशी तर मागत होता!"

"मघाशी भ्यालो होतो."

"आणि आता?"

"आताही भ्यालोय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग पट्टा काढला आणि उतरली.

पुढे तीन ठिकाणी वाळू रस्त्यावर आली होती. एका उतारावर तर गढूळ पाणी रस्ता ओलांडून वाहत होतं. तिने गाडी थांबवली, तंबूची दांडी काढली, सलवार वर खोचली आणि दांडी टेकवत पलीकडच्या काठापर्यंत चालत जाऊन परत आली. "वीतभर हाय. खाली डांबर लागतं." पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, तिने गाडी पार नेली. मी दाराची मूठ घट्ट धरून होतो.

बरोबर शंभर झाले तेव्हा तिने गाडी कडेला घेतली. मुक्कामाची जागा पुढे सात किलोमीटरवर होती.

"सातच तर आहेत, ने की," मी म्हणालो.

"नाय. ते तुमचे."

ती उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली घामाने ओली होती. मी गाडी सुरू केली, तेव्हा शेजारून तिचा आवाज आला, "बेतानं घ्या हां. रस्ता वला हाय."