आत्या पुन्हा बाजूला बसली

त्या वर्षी मी वेल्ह्यात गावोगाव पत्रकं वाटत होते. 'बाईला महिन्याचे चार दिवस बाजूला बसवणं बंद करा!' मजकूर माझा, उद्गारचिन्हंही माझीच. आणि त्याच वर्षी पासलीत मीच माझ्या आत्याला बाजूला बसवलं.

आत्याचे हात थरथरायचे. थापता थापता भाकरी फाटायची. छाती धडधडायची, अंग वाळत चाललेलं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, दंडाला दोरा बांधला. दवाखान्यात ताकदीची सुई टोचली. तिच्या गळ्याला हात लावून बघायची तसदी मात्र एकानंही घेतली नाही. मला आजही याचा संताप येतो.

आत्याला घोर वेगळाच. लेक गरोदर, पहिलं बाळंतपण माहेरी. "ह्या हातानं नातवंडाला न्हाऊ घालू व्हय? पडंल की गं."

मी तिला एसटीनं पुण्याला नेलं. तिथे आधी थोडंसं किरणोत्सारी आयोडीन पाजलं, मग यंत्राखाली निजवून गळ्याचं चित्र काढलं. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीनं ते आयोडीन अधाशासारखं ओढून घेतलेलं. पडद्यावर ती फुलपाखरासारखी चमकत होती.

"ही गरजेपेक्षा जास्त काम करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझ्यावानीच की," आत्या म्हणाली.

उपचारही त्याच आयोडीनचा, फक्त मात्रा मोठी. एकच गोळी. ग्रंथी ते आयोडीन ओढून घेते आणि त्यातले किरण तिचाच जोर मोडतात. पण काही दिवस अंगातूनही किरण बाहेर पडतात, म्हणून पोरांपासून, गरोदर बायांपासून लांब राहायचं, ताटवाटी वेगळी.

घरी पडवीत तिचं अंथरूण टाकलं, तांब्या ठेवला, तशी ती खो खो हसत सुटली. "अगं पत्रकवाले, तूच बाजूला बसवतीस?"

"आत्या, हा विटाळ नाही. ह्याला कारण आहे. विटाळाला कधीच नव्हतं."

तेवढ्यात अंगणातून शेजारची काकू ओरडली, "अगं बया! पन्नाशी उलटली तुझी, परत बसलीस व्हय?"

"बसले! पुण्याची गोळी खाल्ली, तरणी झाले."

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतल्या दोघी चौकशीला हजर. मी संधी साधून पत्रक वाचून दाखवलं, वर भाषण दिलं. दोघींनी नीट ऐकून घेतलं. "समदं पटलं बाई. पर ती गोळी कुठं मिळती?"

सांगितलेले दिवस सरले, अंथरूण आत गेलं, मगच लेक सासरहून, भोंगवलीहून आली. थरथर मात्र सावकाश उतरली. एके सकाळी आख्खी भाकरी तव्यावर पडली आणि आत्यानं घरभर हाक दिली.

नात झाली. पाय लांब करून आत्या न्हाणीत बसली, नात पायांवर, लेक शेजारी पाटावर, मी पाणी ओतायला. काकू दारातून म्हणाली, "बाळंतीण हितं कशाला? सोयर हाय. बाजूला बसव तिला."

आत्यानं नातीला अलगद पालथं केलं. हात जराही हलला नाही. "डॉक्टरीणबाईनं सांगितलंय का?"

"न्हाई."

"मंग बसू दे हितंच. तिला बघू दे, तिची आई कशी न्हाऊ घालती ते."