गर्ड या शब्दाच्या चार चिठ्ठ्या

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे चिठ्ठीबुवा म्हणत आणि बुवांनाही ते नाव मनातून आवडायचं. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहिण्यात माणसाची एकतीस वर्षं गेली होती. लिहून कधीच झालं होतं, पण टायपिंग आत्ता कुठे जी या अक्षरापाशी पोचलं होतं. कचेरीच्या मानानं हे झपाट्याचं काम म्हणायचं.

एका चिठ्ठीवर एकच अर्थ आणि वरच्या कोपऱ्यात तारीख-वार, अशी तिथली रीत. चिठ्ठीसाठी कोरा कागद फाडायचा नाही, हा नियम मात्र खास बुवांचा. एका बाजूनं वापरलेले कागद ते कचेरीभर फिरून गोळा करत, कोरी बाजू वर ठेवून गठ्ठा लावत आणि कागद कापायच्या यंत्रानं एका कागदाच्या चार चिठ्ठ्या करत. कुणी म्हणालं, "बुवा, मागं काय लिहिलंय ते एकदा बघा तरी," तर उत्तर तयार असायचं. "मागचं वाचत बसलो तर कोश माझा नातू पुरा करील."

नातू आहे की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. एकुलती एक लेक बारा वर्षांपूर्वी आपल्या पसंतीच्या मुलाबरोबर निघाली, तेव्हा बुवा दारात उभे राहून म्हणाले होते, "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस." तिनं ते अक्षरशः पाळलं. आठवड्याभरात बुवांचा राग निवला, पण आपण होऊन जाणार कसं? तिनं एक शब्द लिहावा, मग मी अनवाणी धावत जातो, असं ते बायकोला सांगत. बायको म्हणायची, "लिहील हो ती. माझी लेक आहे, तुमच्यासारखी नाही." हेच म्हणत म्हणत दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून बुवा घरी फक्त झोपायला जात.

त्या दुपारी टायपिस्ट बाईंनी गर्ड हा शब्द घेतला. जुना शब्द, आता फारसा कुणी वापरत नाही. पहिल्या चिठ्ठीवर होतं, कमरेला पट्टा बांधणे. दुसरीवर, चहूबाजूंनी वेढणे. तिसरीवर, कंबर कसणे, कामाला सज्ज होणे. तिसरीची शाई उडाली होती, म्हणून बाईंनी ती खिडकीकडे धरली आणि मग उलटी केली.

"बुवा, हे बघा जरा. मागं कुणाचं तरी पत्र आहे."

"असेल. कुणाचं तरी असतंच."

"बाबा म्हणून लिहिलंय," बाई म्हणाल्या.

बुवांनी चिठ्ठी घेतली. आपल्या लेकीचा ब त्यांनी स्वतः पाटीवर गिरवून घेतला होता, तो त्यांना कुठेही ओळखू आला असता. त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या उलट्या करून टेबलावर जुळवल्या. वरचे दोन तुकडे एकमेकांशी नीट बसले.

बाबा, येत्या शनिवारी अकरा वाजता तुमच्या कचेरीच्या फाटकापाशी थांबते. आत यायचा धीर होत नाही. तुम्ही नुसते बाहेर या, काही बोलू नका. मी तुमच्याबरोबर घरी येईन.

वर तारीख होती अकरा वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारची. लिफाफा नव्हता. पुढच्या टेबलावरच्या कारकुनाकडे तिनं नुसता कागद दिला असणार आणि त्यानं तो बुवांच्या टेबलावर ठेवला असणार. बाकीचं बुवांनी स्वतःच केलं होतं.

त्यांनी चिठ्ठी पुन्हा सुलटी केली. कोपऱ्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात पत्रानंतर दोनच दिवसांची तारीख होती आणि पुढे वार, शनिवार. ती फाटकाशी उभी होती तेव्हा ते इथेच, याच खुर्चीवर, तिच्या पत्राच्या पाठीवर कंबर कसणे असं लिहीत होते. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून फाटकाकडच्या खिडकीकडे पाठ करून बसायची त्यांची सवय होती. ती किती वेळ थांबली असेल, हा विचार त्यांच्या मनातून हलेना. मग त्यांना बाईंसमोरच रडू फुटलं.

बाईंनी पाणी पुढे केलं. जरा वेळानं हळूच विचारलं, "खालचा अर्धाच आहे. चौथी चिठ्ठी कुठंय?"

खालच्या डाव्या तुकड्यावर तीन अर्धवट ओळी होत्या. नाही आलात तर मी. आईला एवढंच सांगा की. आणि शेवटी, माझा पत्ता. पुढचं सगळं चौथ्या तुकड्यावर होतं.

"काढून टाकली," बुवा म्हणाले.

"कुणी?"

"मीच. मुळाची चिठ्ठी होती ती, शब्द कुठून आला ते सांगणारी. मुळं फक्त मोठ्या शब्दांची द्यायची असं ठरलं, तेव्हा मीच तिच्यावर लाल काट मारली. रद्दी त्याच महिन्यात लगद्याला गेली."

"काय होतं तिच्यावर?"

ते मात्र त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी गठ्ठ्यातला एक कागद घेतला, आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी बघितला, मजकुराखाली उरलेला भाग मापात कापला आणि लिहू लागले. जुन्या इंग्रजीतून आलेला शब्द. मुळाशी अर्थ, वेढणे, भोवती कुंपण घालणे. बागेला आणि अंगणाला इंग्रजीत जे शब्द आहेत, गार्डन आणि यार्ड, ते याच कुळातले. संस्कृतातलं गृह आणि त्यावरून आलेलं आपलं घर, हेही याच कुळातलं मानतात.

कोपऱ्यात तारीख घातली, वार घातला. शाई वाळू दिली. मग चिठ्ठी उलटी करून त्यांनी ती पत्ता या शब्दाशेजारी, कडेला कड लावून, बरोब्बर जुळवून ठेवली. ती मागून कोरी होती.