आत्याची मापं आणि आतोबांची शिस्त

आमची आत्या कोट शिवते. गल्लीच्या टोकाला तिचं एका खोलीचं दुकान आहे. खिडकीशी मशीन, भिंतीला लागून इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात कॉम्प्युटर. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापांची त्यात वेगळी फाईल. मापांखाली ती स्वतःसाठी एखादी ओळ लिहिते: डावा खांदा उतरता, खिशात जाड पाकीट, असं काहीबाही. फायलींची नावंही तिच्याच तऱ्हेची: 'घाईवाले वकील', 'जुळ्यांपैकी उंच'.

आतोबा निवृत्त झाले आणि त्यांना आवराआवरीची हुक्की आली. आत्या कापड आणायला गेली होती, तेवढ्यात त्यांनी सगळ्या फायलींची नावं पुसून त्यांना ओळीने क्रमांक देऊन टाकले.

"आता कसं शिस्तीत दिसतंय," ते म्हणाले.

"दिसतंय खरं. पण वकील कुठे गेले?"

आत्याने शोधाच्या चौकटीत 'उतरता खांदा' टाइप केलं, तर कॉम्प्युटरने इंटरनेटवरून खांदेदुखीची मलमं आणून दाखवली. मग तिने मला फोन लावला.

मी म्हटलं, "आत्या, तो नुसती नावं बघतोय. शोधाची सेटिंग्ज उघड. इंटरनेटवरचं दाखवणं बंद कर. शोधायला फक्त मापांचा फोल्डर दे. आणि फायलींच्या आतला मजकूरही शोधायचा, तिथे खूण कर."

तिने सगळं केलं. शिवाय सापडलेली ओळ शेजारी मोठ्या अक्षरात दाखवायची खूणही हौसेने करून टाकली. कॉम्प्युटर फायली वाचत बसला तोवर तिचा एक कोट इस्त्री करून झाला. मग 'उतरता खांदा' म्हणताच वकील हजर. आत्या इतकी खूश झाली की आतोबांना चहासुद्धा मिळाला.

दुसऱ्या दिवशी बँकेचे मॅनेजर आले. निरोप समारंभासाठी कोट हवा होता. ते कॉम्प्युटरशेजारीच खुर्ची ओढून बसले.

"माझी मापं आहेत ना?"

"आत्ता काढते," म्हणत आत्याने 'मॅनेजर' टाइप केलं. पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: मॅनेजर पोट आत ओढून उभे राहतात, कंबर दोन इंच जास्त धरणे.

मॅनेजरांनी चष्मा नीट केला आणि ओळ सावकाश वाचली. आतोबांना अचानक इस्त्रीचं टेबल पुसायचं आठवलं. आत्याचे कान तापले, पण तिने पडदा झाकला नाही.

"खोटं नाही लिहिलेलं," ती हळूच म्हणाली.

"नाही," मॅनेजर म्हणाले. "तरीच तुमच्या हातचा कोट मला जेवल्यावरही बसतो. बाकीच्यांचा नाही बसत."

ते उठले, खांदे सैल सोडले आणि पोटही.

"आज खरं माप घ्या."

टेप कमरेभोवती फिरली. आत्याने आकडा मोठ्याने म्हटला नाही, नुसता टाइप केला.