चार वाजताचा संदेश

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी माझ्या पत्नीला तीन महिने घराबाहेर पडायला मनाई केली आणि तिचे दुकान माझ्या वाट्याला आले. दुकान गोंदियाच्या बाजारातल्या एका गल्लीत आहे. ब्लाऊज शिवणे, साडीला फॉल लावणे, पिको करणे, एवढीच कामे. पुढे काउंटर, मध्ये पडदा, मागे कटिंगचे टेबल आणि शिलाई मशिनी. तीन बाया तिथे काम करतात. मी निवृत्त गणितशिक्षक. कापडाशी माझा संबंध ते अंगात घालण्यापुरता.

अडचण मात्र कापडाची नव्हती. गिऱ्हाईक काउंटरवरचा कोड मोबाइलने स्कॅन करून पैसे भरते. ते पोहोचल्याची खूण एकट्या पत्नीच्या मोबाइलवर उमटत असे. ती दुकानात बसत होती तोवर हे निभून गेले. ती खाटेला खिळली आणि दुकानातून दिवसभर फोन येऊ लागले, "मॅडम, आ गया क्या?" व्यायाम करवून घेणारी मुलगी हिचा पाय उचलून धरून उभी, आणि ही एका हाताने मोबाइल डोळ्यांशी नेऊन सांगते आहे, "आले, जाऊ दे त्यांना."

पैसे घेण्याच्या त्या ॲपमध्ये यावर एक सोय होती. मालक आपल्या माणसांना आत घेऊ शकतो; कोणाला किती दिसावे आणि कोणाला काय करता यावे, हे ठरवू शकतो. शाळेत जसे कपाटाची किल्ली एकाकडे, प्रयोगशाळेची दुसऱ्याकडे आणि मुख्याध्यापकांच्या खोलीची कोणाकडेच नाही, तसेच. मी आलेखाच्या वहीतला एक कागद घेतला आणि तक्ता आखला. उभ्या रकान्यांत तीन बाया आणि पत्नी. आडव्या ओळींत आलेले पैसे पाहणे, चुकून जास्त आलेले परत करणे, कालचे पाहणे, नवे माणूस आत घेणे. जिथे अधिकार तिथे बरोबरची खूण, जिथे नाही तिथे फुली. काउंटरसाठी एक वेगळा मोबाइल आणला. जिची पाळी असेल तिने आपल्या नावावर बोट ठेवून चार आकडे दाबायचे, की पाळी सुरू. उठताना पुन्हा दाबायचे, की पाळी संपली.

पत्नीने तक्ता पाहिला. "तुम्ही ना, शाळा घरी घेऊन आलात," ती म्हणाली. "घंटा तेवढी राहिली."

घंटाही होती. ॲपमध्ये एक बटण असे होते की ते चालू केले तर पाळी सुरू होताना आणि संपताना त्या त्या कामगाराच्या क्रमांकावर संदेश जाई: 'तुम्ही अमुक वाजता काउंटर घेतले', 'तुम्ही अमुक वाजता काउंटर सोडले'. हे बटण ऐच्छिक होते. मी ते चालू केले, आणि का केले तेही सांगतो. आपल्याविषयी कुठे काय लिहिले जाते आहे हे माणसाला दिसले पाहिजे, असे मला नोकरीभर वाटत आले आहे. हजेरीपटावर आपल्या नावापुढे काय लागले हे बघायला मी मुलांना कधी अडवले नाही. बायांच्या बाबतीतही तोच न्याय लावला.

आता क्रमांकांविषयी. थोरलीने आणि धाकटीने आपापले क्रमांक सांगितले, त्यांच्या मोबाइलवर आलेला पडताळणीचा कोड तिथल्या तिथे वाचून दाखवला. तिसरी जवळच्या मुर्री गावाहून येते, म्हणून दुकानात तिला मुर्रीवालीच म्हणतात. तिने क्रमांक कागदावर लिहून दिला आणि मशीनवर जाऊन बसली. संध्याकाळी घरून मी तो क्रमांक भरला आणि कोड विचारायला फोन लावला. पुरुषाचा आवाज आला. तिचा नवरा, एका राइस मिलमध्ये ट्रॅक्टर चालवतो. "हाव जी सर, घ्या लिहून," म्हणून त्याने मोठ्या अदबीने आकडे सांगितले. मी आभार मानले आणि फोन ठेवला.

एकतीस वर्षे मी वर्गाच्या नोंदवहीत संपर्क क्रमांकाचा रकाना भरला. तिथे वडिलांचा क्रमांक असतो, नाहीतर काकाचा. ज्याचे नाव त्याचाच क्रमांक असावा, अशी सवयच त्या रकान्याने मला लावली नाही. घरात एक मोबाइल असतो आणि तो घरच्या पुरुषाच्या खिशात असतो, हे मला इतके ठाऊक होते की त्याचा अर्थ मी पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, ती सर्वांत महत्त्वाची. मुर्रीवाली गणित शिकत होती. लग्नानंतर ती एकदा दहावीला बसली होती. बाकी विषय सुटले, गणित राहिले. आता एका शिवणवर्गात शिकवणाऱ्या बाईची जागा निघणार होती आणि तिथे दहावी पास लागत होते. मी दुकानात बसू लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने विचारले, "सर, माहं गणित निघंल का जी?" चार वाजता तिचे काम संपे. चार ते पाच पडद्यामागे, कटिंगच्या टेबलावर, मापे काढायच्या खाकी कागदाच्या मागच्या बाजूवर आम्ही गणिते सोडवू लागलो. घरी तिने सांगितले होते की आता पाच वाजेपर्यंत काउंटर सांभाळावे लागते. माझ्याकडून तिने वचन घेतले, "निकाल लागेपर्यंत कोनाले सांगू नका."

तक्त्यात तिची पाळी मी दोन ते चार अशी लावली होती, म्हणजे चारला ती अभ्यासाला मोकळी होईल. घरी काय सांगितले आहे ते मला माहीत होते. संदेश कुठे जातो तेही माहीत होते. या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी मांडल्या नाहीत. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याचे गुण कापले असते.

बारा दिवसांनी तिचा नवरा दुकानात आला. चार वाजून काही मिनिटे झाली होती. मागे आम्ही एक वर्गसमीकरण अर्धे सोडवले होते. पुढे काउंटरवर थोरली होती.

"भाभी, आमची घरवाली कुठं आहे?"

"अंदर है भैया, कटिंग में," थोरली म्हणाली. तिला सारे ठाऊक होते. "रुको, बुलाती हूँ. चाय पिओगे?"

"चाय नको. हा मोबाइल पाहा. रोज चार वाजता येऊन रायला, काउंटर सोडलं म्हनून. घरी ते पाचपर्यंत काउंटर सांगते. मंग एक घंटा कुठं जाते?"

"अरे, मशीन का क्या भरोसा..."

"मशीन एक दिवस चुकंल. बारा दिवस?"

मुर्रीवालीची पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी उठलो. खोटे बोलणार नव्हतो आणि खरे सांगणार नाही असे वचन दिले होते. या दोहोंच्या मध्ये एखादे वाक्य सापडेल अशा आशेने पडदा सारून बाहेर आलो. मला पाहताच त्याने मोबाइल खाली केला.

"सर, तुमीच सांगा."

"ती इथेच आहे," मी म्हणालो. "रोज इथेच असते."

वाक्य खरे होते आणि कोणाच्याच कामाचे नव्हते. तो पुढे काही विचारणार तोच ती माझ्यामागून बाहेर आली. हातात पुस्तक होते.

"शिकून रायली," ती म्हणाली. "गणित. सर शिकवते."

तो पुस्तकाकडे पाहत राहिला. "मले काऊन नाही सांगतलं?"

"मागच्या खेपेले नापास झाली तं तुमी साऱ्या गावाले सांगतलं."

"मजाकमंधी सांगतलं होतं मी."

"तुमाले मजाक होता."

थोरलीने एक घडी घातलेला ब्लाऊज उलगडून पुन्हा घडी घालायला घेतला. त्याने गल्लीपलीकडे पाहिले. मग म्हणाला, "दोन रोज मी त्या समोरच्या टपरीवर उभा राहून गेलो. काम सोडून."

"पाहाले?"

त्याने मोबाइल खिशात टाकला.

"मी कोनासंग जाते ते पाहाले आले होते तुमी?" ती हळू आवाजात म्हणाली. पुस्तक तिने काउंटरवर ठेवले, आतून डबा आणि पिशवी आणली आणि त्याच्या पुढे चालू लागली. तो मला नमस्कार करून गेला. पुस्तक तिथेच राहिले.

त्या संध्याकाळी मी पत्नीला सगळे क्रमाने सांगितले. ती ऐकत होती.

"कोड विचारला तेव्हा त्याचा आवाज ऐकला होता ना तुम्ही?"

"हो."

"मग?"

मी तक्त्याचा कागद पुढे ओढला.

"तिला विचारायचं तरी होतं," ती म्हणाली. "तिघींना एकेक करून विचारायचं, हा मेसेज तुला पाहिजे का. तुम्ही मला विचारलं, कागदाला विचारलं."

दुसऱ्या दिवशी मी तो संदेश बंद करायला गेलो. बटण बंद करण्याआधी ॲपने सूचना दाखवली की हा बदल संबंधित क्रमांकावर कळवला जाईल. म्हणजे भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी त्या माणसाच्या मोबाइलवर मजकूर जाणार: मालकाने तुमच्या सूचना थांबवल्या आहेत. तो काय समजेल, हे कळायला गणित लागत नाही. मी बटणाला हात लावला नाही.

ती चार दिवस आली नाही. तिच्याशी बोलायचे तर तोच एक क्रमांक होता. तिसऱ्या दिवशी मी तो लावला.

"सर, ते परहे खनाले गेली," तो म्हणाला. भाताच्या रोवणीचे दिवस होते, परहे म्हणजे रोपे उपटून बांधीत लावण्यासाठी घरची सगळी माणसे लागतात; निमित्त खोटे नव्हते. "तुमच्यावर राग नाही जी माहा. पन तुमी शिकले-सवरलेले, तुमी तरी सांगाले पाहिजे होतं."

"मी तिला शब्द दिला होता."

"हाव. अन् मले मेसेज देऊन रायले होते," तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पाचव्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली आणि मशीनवर बसली. दुपारी मी तिला विचारले, घरी काय ठरले.

"फॉर्म भर म्हनते."

"मग चांगलेच झाले की."

"चांगलंच हाय जी." तिने धागा दाताने तोडला. "घरीच शीक म्हनते. घरी बसली पुस्तक घेऊन तं सासू विचारते, कुठवर आलं. जेठ विचारते, कुठवर आलं. हे मिलमधून आले का पयले तेच. पोरगं म्हनते, आई, मी सांगू का तुले? सारेच चांगलं बोलून रायले, सर. पन एक गनित पुरं होत नाही."

"चार वाजता पुन्हा बसू या. आता तर लपवायचे काही नाही."

"नाही. चार वाजता हे गाडी घेऊन गल्लीत उभे राहते. न्याले येते, घरी सोडून परत मिलमंधी जाते."

"तू सांग त्याला, पाचला ये म्हणून."

"सांगतलं. म्हनते, मी थांबतो, तू शीक." ती थोडी हसली. "मी शिकून रायली अन् हे बाहेर गाडीवर. तुमाले जमलं असतं का?"

तो माणूस वाईट नव्हता आणि आता तो तिला मदतच करत होता. त्या एका तासात पूर्वी तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. ती चुकत होती, खोडत होती, पुन्हा मांडत होती. पैसे कोणाला दिसावेत याचा तक्ता मी दोन संध्याकाळ बसून केला होता. बाई कोणाला दिसावी, याची ओळ त्यात नव्हती.

संदेशाचे मी तिलाच विचारले, उशिरा का होईना. बंद करू का? तिने बराच विचार केला. "नका करू. बंद केला तं पुन्हा नवं काही निघंल. येऊ द्या." मग वेगळा क्रमांक घेऊन देऊ का, असे मी विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. तो क्रमांक ठेवायचा कुठे, आणि सापडला तर काय, हे तिला माझ्याआधी दिसले असावे.

परीक्षेचा फॉर्म आम्ही भरला. नवऱ्यानेच फोटो काढून आणले.

त्यानंतरच्या सोमवारी बारा वाजता दुकानाला जेवणाची सुट्टी झाली. थोरलीने अर्धे शटर ओढले, काउंटरचा मोबाइल बंद केला; सुट्टीत कोणाचीच पाळी नसते आणि कोणाला संदेश जात नाही. मी घरी निघालो होतो. मुर्रीवाली डबा घेऊन मागे गेली आणि दोन मिनिटांत पडद्याआडून म्हणाली, "सर, जरा येऊन पाहता का." भाताचे चार घास खाऊन तिने डबा बाजूला सारला होता. खाकी कागदावर तेच अर्धे राहिलेले समीकरण होते. ती दुसऱ्या पायरीवर अडली होती. मी उभ्यानेच चूक दाखवली. तिने दुरुस्त केली आणि पुढे गेली. साडेबारा वाजता शटर वर गेले, तेव्हा तिने कागद घडी करून मापांच्या कागदांत मिसळला.

आता सुट्टी तशीच जाते. डबा बहुतेक दिवशी अर्धाच परत जातो; थोरली तिला ओरडते, "खा तो ले, गणित भाग नहीं रहा." अर्धा तास पुरत नाही. प्रमेये मागे पडली आहेत, आणि परीक्षेपर्यंत सगळे होईल असे मी तिला सांगत नाही, कारण हिशेब तसा बसत नाही. या अर्ध्या तासाचे तिने घरी सांगितले आहे का, ते मला माहीत नाही. उघडेपणाचा एवढा आग्रह धरणारा मी, पण हे मी तिला विचारलेले नाही.