रेघ चढली अन् मी पडलो

माती कशी खायची हे कोणी शिकवलं नसेल, तर बसा माझ्याजवळ. लोक नुसती खातात, मी आलेख दाखवून खाल्ली!

इथं छत्तीसगडात, समता कॉलोनीत माझ्या मामाचा कॉम्प्युटर क्लास आहे. मामा रेल्वेतून रिटायर. फोटो आडवा आला की मोबाइल नाही, मान वळवणारा माणूस. आणि हा पोरांना कॉम्प्युटर शिकवणार! पण घरात अडाणी कोण? मी. काहून? तर नोट्स वाचून दाखवणाऱ्या मास्तरांना कंटाळून मी कॉलेज सोडलं.

"मामा, टायपिंग बंद करा. कोडिंगची बॅच काढा, सी लँग्वेजची."

"तेच काहून?"

मी लॅपटॉप फिरवला. छत्तीसगडचे लोक नेटवर काय शोधून राहिले, त्याचा महिन्याभराचा आलेख. सीची रेघ थेट छताला! "लोक पागल झालेत हिच्यासाठी. डेटा आहे हा, तुमच्या पानठेल्यावरच्या गप्पा नाही."

मामाला रेघ वर जाताना दिसली, बस्स. या पिढीला तेवढंच पुरतं.

बाबा पेपरामागून बोलले, "बॅच महिनाभर टिकली तर तुले कॉलेजचं नाव नाही काढणार. नाही टिकली तर मुकाट्यानं परत ॲडमिशन."

"हव!" पेपरवाल्या अकलेला मी थोडाच भिणार?

आणि बॅच भरली हो! खुर्च्या शेजारून आणाव्या लागल्या. मी छाती फुगवून सुरू केलं, "या भाषेत विचार करायला शिका, नोकऱ्या तुमच्या मागे धावतील..."

पुढच्या रांगेतली पोट्टी म्हणाली, "भैया, ज्ञान बाद में. परसों पेपर है. बस पास होने लायक बता दो."

"और उसके बाद?"

"उसके बाद इसका मुँह कौन देखेगा!"

अख्खा वर्ग खिदळला.

पेपर झाला. दुसऱ्या दिवशी क्लासात मी, मामा आणि पंखा.

तेव्हा कुठं मला महिन्याऐवजी पाच वर्षांचा आलेख उघडायचं सुचलं. उंटांची रांग! दर परीक्षेला एक कुबड, मधे सपाट वाळवंट. लोक तिच्या प्रेमात नव्हते, तिच्या नावानं रडून राहिले होते!

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. चपला घातल्या आणि गाडी काढली.

आता मी पुन्हा फर्स्ट इयरला आहे, अन् सीचा पेपर मलाही आहे. परीक्षेच्या तोंडावर छत्तीसगडात सीची रेघ छताला लागलेली दिसली, तर तिला लोकप्रियता म्हणू नका. तो मी आहे!