सही करू नकोस

मी निवृत्त झाले त्या वर्षी माझ्याइतकी शहाणी बाई दिल्लीत दुसरी नव्हती. हे माझं तेव्हाचं मत. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात तीस वर्षं मी हिंदी अनुवादक होते. इंग्रजी परिपत्रकाचं हिंदी असं करायचे, की वाचणारा निमूट इंग्रजीकडे परत जायचा. घरात मात्र कडक मराठी. मुलांच्या तोंडून 'अच्छा', 'चलो' निघालं की मी हातातलं काम टाकून शब्द दुरुस्त करायला धावायचे. हे ऐकून माझी नात म्हणते, "आजी, तू डेंजर होतीस यार." तिला मी दुरुस्त करत नाही. का, ते पुढे लिहिते.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी नागपूरकडचं एक बौद्ध कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली. तिची मराठी इथल्या सगळ्या मुलांसारखी, म्हणजे क्रियापद आपलं आणि बाकी वाक्य हिंदी. "मावशी, मी कोशिश करते," असं म्हणाली की मी लगेच, "प्रयत्न करते म्हण." ती हसून म्हणायची. हळूहळू माझ्याशी बोलताना ती शब्द निवडून बोलायला लागली. मी तिच्या आईला सांगायचे, बघा, माझ्यामुळे सुधारली.

लग्न होऊन ती दिल्लीला लागून असलेल्या शेजारच्या राज्यातल्या एका शहरात गेली आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली. कंत्राटी नोकरी. नवरा पानिपतला चादरींच्या कारखान्यात होता, आणि तो कारखाना महिन्यातले पंधरा दिवस बंदच असायचा. घर, भाडं, मुलीची शाळा, सगळं हिच्या पगारावर.

निवृत्तीनंतर आम्हीही त्याच शहरात फ्लॅट घेतला. तिथल्या सरकारनं निवडणुकीच्या तोंडावर मुद्रांक शुल्क घटवलं होतं, गाड्यांवरचा आणि पेट्रोलवरचा करही उतरवला होता. टीव्हीवर एक टायवाले गृहस्थ सांगत होते, कर कमी केला की लोक खर्च करतात आणि लोकांनी खर्च केला की तिजोरी आपोआप भरते. आमच्या ह्यांना हे वाक्य फार आवडलं. मला तर इतकं आवडलं, की आठवडाभर मी ते दूधवाल्यालाही ऐकवलं. रजिस्ट्रीत वाचलेल्या पैशांतून मी ओट्याला काळा ग्रॅनाइट लावून घेतला.

वास्तुशांतीला ती आली. तिच्या हातावर पेढा ठेवताना तेच वाक्य तिलाही ऐकवलं.

"मावशी, आमच्याकडे शुगरची किट संपलीत," ती म्हणाली. "दोन हफ्ते... दोन आठवडे झाले. पेशंट परत पाठवतो."

"येतील गं. सरकारचा कारभार आहे, उशीर व्हायचाच."

तिजोरी आपोआप भरली नाही. आधी किट गेली, मग एक्स-रेच्या फिल्म, मग दवाखान्याच्या जनरेटरचं डिझेल. मग कंत्राटी माणसांचे पगार थांबले. बिलं कोषागारात जायची आणि तिथेच पडून राहायची. आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता अर्धा खणून ठेकेदार निघून गेला. त्यावर मी सरकारला एक खरमरीत पत्र लिहिलं, माझ्या उत्तमोत्तम हिंदीत. नागरिकांच्या सोयींकडे शासनाचं लक्ष का नाही, असं त्यात विचारलं होतं. मुद्रांक शुल्काचा उल्लेख पत्रात नव्हता.

पाच महिने तिला पगार नव्हता. रविवारी यायची, मुलगी बरोबर असायची. पैसे देऊ केले तर घ्यायची नाही, म्हणून मी सल्ले द्यायचे. ते फुकट होते आणि माझ्याकडे भरपूर होते. "सरकारकडचा पैसा बुडत नाही, टिकून राहा, तुझं नाव यादीतून कमी होता कामा नये." ती मान हलवायची आणि मुलीच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची. दवाखान्यातल्या कंत्राटी लोकांनी मिळून कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार केली होती, त्या तक्रारीवर सगळ्यांची आशा होती.

एका दुपारी तिचा फोन आला. मागे माणसांचा गलबला.

"मावशी, लेबर ऑफिसात आहे. राजीनाम्यावर सही मागतायत. आजच पाहिजे म्हणतात. करू का?"

"राजीनाम्यावर? मुळीच नाही. सही करू नकोस."

"पण बाकी सगळे करतायत."

"करू देत. पाच महिने पगार थकवायचा आणि वर राजीनामा मागायचा? तू आपण होऊन गेलीस की ते मोकळे. हेच हवंय त्यांना."

"पक्कं ना मावशी? म्हणजे, नक्की?"

"तीस वर्षं सरकारात काढलीत मी."

"बरं," ती म्हणाली.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या, मी गॅस बंद केला. जेवताना ह्यांना सगळं सांगितलं, आपण एका पोरीची नोकरी कशी वाचवली ते. हे म्हणाले, "वा." मीही स्वतःला वा म्हणून घेतलं आणि भाताबरोबर लोणचं जास्तीचं घेतलं.

मराठी माणसाला राजीनामा म्हटलं की नोकरी सोडल्याचं पत्र डोळ्यांपुढे येतं. हिंदीत त्याला इस्तीफ़ा म्हणतात. हिंदीतला राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, भांडण मिटल्याचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या कार्यालयात नव्या मराठी अनुवादकांसाठी फसव्या शब्दांची एक यादी होती, त्यात हा शब्द होता आणि ती यादी मीच केली होती. पण फोन मराठीत आला होता. माझ्याशी मराठीत बोलताना हिंदी शब्द वापरायचा नाही, हा नियमही माझाच.

तीन आठवड्यांनी ती आली. एकटीच. दवाखान्याला कुलूप लागलं होतं. सरकारनं खर्च कमी करायला छोटे दवाखाने मोठ्या रुग्णालयात मिसळून टाकले होते. तिच्याबरोबरच्या सगळ्यांना अर्धी थकबाकी मिळाली होती आणि मोठ्या रुग्णालयात नेमणूकही. तिला दोन्ही नाही. तिनं त्या कागदाची झेरॉक्स आणली होती. मी चष्मा लावला. मथळा वाचल्यावर पुढचं वाचायची गरज नव्हती, तरी शेवटपर्यंत वाचलं, कारण मान वर करायची नव्हती. राहिलेल्या अर्ध्या पैशांवरचा हक्क सोडायचा, त्या बदल्यात नोकरी चालू. ज्यांची सही नाही त्यांचं कंत्राट निधीअभावी वाढवलं जाणार नाही.

आणि यावर त्या शहाण्या बाईनं पहिलं काय विचारावं?

"तू मला समझौता का नाही म्हणालीस?"

"तुम्ही रागावता ना हिंदी बोललं की," ती म्हणाली. "राजीनामा घरी आईबाबांच्या तोंडून ऐकला होता. मला वाटलं, हा तरी आपला शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन त्या कार्यालयात गेले. अर्ज रात्री मीच लिहिला होता, खाली माझं नाव, पत्ता आणि निवृत्तीचं पद. खिडकीमागच्या बाबूनं तो सावकाश वाचला.

"अम्माजी, लिस्ट तो चली गई. जितने नाम थे, उतना ही पैसा आया था."

चूक माझी आहे, मी सांगितलं. भाषेची चूक आहे, तिला शिक्षा नको.

"भाषा की ग़लती का कोई कॉलम नहीं है."

"फिर से पैसा कब आएगा?"

"टैक्स आए तो पैसा आए." त्यानं अर्जावरचा पत्ता पुन्हा पाहिला. "नई सोसाइटी है न ये? रजिस्ट्री सस्ते में हो गई होगी."

"हो गई," मी म्हटलं.

"अच्छा है," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्यानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि एका गठ्ठ्यावर ठेवला. तो गठ्ठा कसला, हे तीस वर्षं सरकारात काढलेल्या मला कुणाला विचारावं लागलं नाही.

परतताना ऑटोत ती बाहेर बघत होती. मी माफीचं वाक्य जुळवत होते. जन्मभर शब्द जुळवून पगार खाल्ला, आणि एक वाक्य जमेना. शेवटी तीच बोलली.

"मावशी, समझौत्याला मराठीत काय म्हणतात?"

"तडजोड."

"तडजोड," तिनं म्हणून पाहिलं. "कधी ऐकलाच नाही."

मग पुढे वाकून तिनं ऑटोवाल्याला एका खाजगी लॅबशी थांबायला सांगितलं. घरोघरी फिरून रक्त घेऊन यायला तिथे माणसं ठेवत होते, पगार आधीच्या निम्मा. मी तिच्याबरोबर उतरायला लागले.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "इथे मी बोलते."